शिक्षिकेची नोकरी सोडून मुलांसोबत घरी: थोडं मनातलं

पाटीपेन्सिल

अकरा वर्षं मी पहिली-दुसरीच्या वर्गांना शिकवलं. तीन वर्षांपूर्वी धाकटीच्या वेळी रजा घेतली आणि रजा संपत आली तेव्हा राजीनामा दिला. मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता, आता सातवं लागलंय. या तीन वर्षांत मनात बरंच साचलंय. इथे शिकवणारे पुष्कळ आहेत, मुलांसोबत घरी राहणारेही आहेत, म्हणून धागा काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

सोडताना जो तो एकच म्हणायचा, "तुला काय, चाळीस पोरं सांभाळायची सवय. दोन म्हणजे कितीसं काम!" मलाही अगदी तसंच वाटत होतं.

सगळ्यात आधी आवाजाचं लक्षात आलं. शिकवणाऱ्यांना माहीत आहे, आठवडा संपत आला की घसा बसतो. अकरा वर्षांत माझा आवाज मागच्या बाकापर्यंत पोहोचण्यासाठीच घडला होता. घरी आल्यावरही तो तसाच राहिला. एकदा मुलाला काहीतरी समजावत होते, बहुतेक बुटांच्या नाड्यांचं. त्याने दोन्ही कानांवर हात ठेवले आणि अगदी हळू म्हणाला, "आई, मी इथेच आहे." हातभर अंतरावर बसला होता. रागावला नव्हता, नुसतं सांगत होता. त्या दिवशी मी किती तरी वेळ गप्प होते.

मग हळूहळू कळत गेलं की वर्गात ज्याला मी माझा संयम म्हणत होते, त्यातला बराचसा घंटेचा होता. पस्तीस मिनिटांनी तास संपणार हे माहीत असलं की माणूस पुष्कळ सोसतो. मधली सुट्टी असते. शिक्षकखोलीत शेजारची बाई नुसतं तोंड बघून ओळखते की आज अमक्याने त्रास दिला, आणि काही न बोलता खुर्ची पुढे सरकवते. घरी घंटा नाही. एकाच मुलाचं एकच रडणं सकाळी सुरू होतं आणि वेगवेगळी कारणं घेत संध्याकाळपर्यंत चालतं.

आणि बोलणं. फिलिप जॅक्सन नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने प्राथमिक शाळेतल्या वर्गांमध्ये बसून निरीक्षण केलं होतं. १९६८ मध्ये त्याने लिहिलं की प्राथमिक शिक्षकाचे मुलांशी दिवसभरात हजारापर्यंत लहानमोठे व्यवहार होतात. कोणाला पाणी प्यायचंय, कोणाची पेन्सिल पडली, कोण कोणाला चिडवतंय, आणि या सगळ्यात बेरीज शिकवायची. डी.एड.ला हे वाचलं तेव्हा आकडा फुगवलाय असं वाटलं होतं. शिकवायला लागल्यावर पटला. एवढ्यांना वाटून दिलेलं लक्ष दोन मुलांवर आलं तर मुलांची चैन, असा माझा हिशोब होता. प्रत्यक्षात त्या लक्षाचं ओझं झालं, त्यांना आणि मलाही.

आता मुख्य गोष्ट. ज्यासाठी धागा काढला ती.

मुलगा ६ उलटा लिहायचा. म्हणजे ६ च्या जागी ३ आणि ३ च्या जागी ६. माझ्या वर्गात अशी चार-पाच मुलं दरवर्षी असायची आणि त्यांचे आईबाबा घाबरून भेटायला यायचे. मी त्यांना शांतपणे सांगायचे, सात वर्षांपर्यंत हे पुष्कळ मुलांचं होतं. खुर्ची कुठल्याही बाजूने बघा, खुर्चीच असते. चमच्याची दांडी डावीकडे असो की उजवीकडे, चमचा बदलत नाही. मूल जन्मल्यापासून हेच शिकत आलंय. अक्षरं आणि अंक या पहिल्याच गोष्टी अशा भेटतात की तोंड फिरलं तर नाव बदलतं. त्याला थोडा वेळ लागणारच. मी हे इतक्यांदा सांगितलंय की झोपेत विचारलं तरी सांगेन.

आणि माझ्याच मुलाने सलग तिसऱ्या दिवशी ६ उलटा काढला तेव्हा मी त्याच्या हातातून पेन्सिल घेतली. खोडरबरने खोडलं. "नीट बघ." परत उलटा. परत खोडलं. चौथ्या की पाचव्या वेळी कागद फाटला. त्या भोकातून खालच्या पानावरची रेघ दिसत होती, आणि तो त्या भोकाकडे बघत होता, माझ्याकडे नाही. त्याच्या नखांत रबराचे काळे तुकडे अडकले होते. रात्री झोपताना त्याने विचारलं, "मी ढ आहे का?" हा शब्द आमच्या घरात कोणी वापरत नाही. तो त्याला माझ्या बोटांतून कळला असणार.

मी किती तरी आठवडे विचार करत होते की असं का झालं. मला सगळं येत होतं, ज्ञान कमी पडलं म्हणावं तर तसं नव्हतं. दुसऱ्याच्या मुलाची चूक ही शिक्षिकेसाठी माहिती असते. हा इथे अडलाय, म्हणजे उद्या इथून सुरुवात करायची. टाचणात एक ओळ वाढते, बस. स्वतःच्या मुलाची चूक समोर आली की पोटात गोळा येतो. त्याचं पुढे कसं होणार, माझंच काही चुकलं का, अकरा वर्षं शिकवून घरच्यालाच येत नाही म्हटल्यावर लोक काय म्हणतील. घाबरलेलं माणूस थांबू शकत नाही.

थांबण्यावरून आठवलं. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षण-अभ्यासिकेने १९७० च्या दशकात विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं ऐकून वेळ मोजली होती. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी एक सेकंद थांबतात. एकच! तेवढ्यात उत्तर आलं नाही तर प्रश्न पुन्हा विचारतात, दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच सांगून टाकतात. हेच थांबणं तीन सेकंदांवर नेलं तर मुलांची उत्तरं लांब होतात, "माहीत नाही" कमी होतं, आणि एरवी कधी न बोलणारी मुलं बोलायला लागतात. मी वर्गात हे कटाक्षाने पाळायचे. प्रश्न विचारून मनात एक, दोन, तीन म्हणायचे. त्या शांततेत मागच्या बाकावरचा हात हळूहळू वर येताना बघणं, त्यासारखं सुख नाही. शाळेतलं मला काय आठवतं असं कोणी विचारलं तर तो अर्धवट वर आलेला हात.

घरी मी अर्धा सेकंदही थांबत नव्हते. मुलगा बोलता बोलता शब्द शोधायला लागला की मी तो शब्द पुरवायचे. धाकटीचं बटण अर्ध्यात असताना मी लावून टाकायचे. आता जाणूनबुजून मोजते. तीन पुरत नाहीत, धाकटीला कधी कधी दहा-बारा लागतात. पण ती लावते.

शाळेची आठवण येते का, हे सगळे विचारतात. येते. वह्यांचा गठ्ठा आठवतो, नव्या खडूचा पहिला आवाज आठवतो, आणि वर्षाच्या सुरुवातीला एक अक्षर न येणारं मूल वर्षाच्या शेवटी फळ्यावरचं आपण होऊन वाचायला लागतं तो क्षण. घरच्या मुलांचं असं एका वर्षात दिसत नाही. रोज बघत असलो की वाढ दिसत नाही.

इतरांचं कसं आहे ते वाचायला आवडेल. विशेषतः जे शिकवतात आणि घरीही मुलं आहेत त्यांचं.

चिमणखडू

"तो त्याला माझ्या बोटांतून कळला असणार" इथे थांबले. पुढचं दोनदा वाचावं लागलं. मीही हेच केलंय, अंक वेगळा एवढंच.

एक विचारू? माझी रजा संपत आलीय आणि निर्णय होत नाहीये. तुम्ही कशावरून ठरवलंत?

आठवी_ब

मी बाबा आहे आणि घरी आहे. आठवी-नववीला गणित शिकवायचो. बायकोची नोकरी फिरतीची, कोणीतरी घरी हवं होतं, मी थांबलो. मोठ्या मुलांना शिकवणाऱ्याला लहान मूल म्हणजे नवाच विषय, त्यामुळे ताईंसारखं आधीचं ज्ञान आडवं आलं नाही. मला काहीच येत नव्हतं.

एक प्रसंग सांगतो. मुलगी पाच वर्षांची. दोन सारखे पेले, सारखं पाणी. तिने मान्य केलं की सारखं आहे. मग तिच्यासमोरच एका पेल्यातलं पाणी उंच, अरुंद बरणीत ओतलं. विचारलं, आता? "बरणीत जास्त." परत पेल्यात ओतलं. "आता सारखं." परत बरणीत. "जास्त." मी गणिताचा माणूस, मला राहवेना. पाऊण तास समजावलं, मापाने मोजून दाखवलं. शेवटी ती म्हणाली, "बरं बाबा, सारखं," आणि जाताना दारातून वळून हळूच म्हणाली, "पण जास्त आहे."

नंतर वाचलं की पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने हाच प्रयोग कितीतरी मुलांवर केला होता आणि साधारण सहा-सात वर्षांपर्यंत मुलं असंच उत्तर देतात. ती चुकत नव्हती. उंची दिसत होती ती सांगत होती. पाऊण तासात मी तिला एवढंच शिकवलं की बाबाला हवं ते म्हटलं की सुटका होते. याची मला अजून लाज वाटते.

दोन वर्षांनी तिने स्वतः सांगितलं, "ओतलं फक्त, काढलं कुठे?" मी काहीही शिकवलेलं नव्हतं.

सोनसळी

सुंदर लिहिलंय. +१

पाटीपेन्सिल

@आठवी_ब, "ओतलं फक्त, काढलं कुठे?" हे मी लिहून ठेवलंय. पियाजेचं काम मला नेहमी ओळखीचं वाटतं कारण त्याने आपल्या तिन्ही मुलांची तान्हेपणापासून निरीक्षणं नोंदवून ठेवली होती, आणि त्यात बायकोचाही, व्हॅलेंटाइनचा, हात होता. मूल चुकल्यावर दुरुस्त न करता "तुला असं का वाटतं?" विचारायचं. वाचायला सोपं आहे. स्वतःच्या मुलापुढे बसून करायला किती धीर लागत असेल.

@चिमणखडू, खरं कारण सांगते. माझा सगळा धीर वर्गात संपत होता. चाळीस मुलांशी गोड बोलून घरी यायचे आणि माझ्या मुलाला उरलंसुरलं मिळायचं. एकदा त्याने शाळेतल्या कार्यक्रमात मला वर्गातल्या मुलांशी बोलताना बघितलं. घरी येताना म्हणाला, "तू त्यांच्याशी हसतेस." त्याच आठवड्यात ठरलं. पण हे माझं कारण आहे. तुमची शाळा जवळ असेल, घरात मदत असेल, तास कमी असतील तर चित्र वेगळं असेल. माझ्याकडे बघून ठरवू नका.

उंबरठा

लेख मनापासून आवडला, तरी एक बाजू राहून गेलीय ती लिहिते. मी सहा वर्षं घरी होते आणि मग परत शिकवायला गेले. चिमणखडू, तुम्ही निर्णयाच्या तोंडावर आहात म्हणून तुमच्यासाठी.

घरी राहण्याची किंमत पहिल्या दोन वर्षांत दिसत नाही. माझी मधली वर्षं सेवेत धरली गेली नाहीत. मी शिकवून तयार केलेल्या मुली माझ्या वर गेल्या होत्या, आणि अभ्यासक्रम बदलला होता. याहून जास्त लागलं ते वेगळंच. सहा वर्षं मी प्रत्येक खर्चाआधी मनात परवानगी मागत होते. कोणी मागायला सांगितली नव्हती. नवरा चांगला आहे. तरी मागत होते. मुलं मोठी होतात, त्यांना आई दिवसभर लागत नाही, आणि एका दुपारी घर रिकामं होतं. त्या दुपारचा विचार आज करा. स्वतःच्या नावावर काही ठेवा, वाचत राहा, ओळखीच्या शाळेत अधूनमधून बदली तास घेता आले तर घ्या.

परत गेल्यावर मी शिक्षिका म्हणून सुधारले, हेही सांगते. आधी गृहपाठ न आणणाऱ्या मुलाला कारण विचारायचे ते औपचारिक. आता मला माहीत आहे की एका घरात संध्याकाळी काय काय होऊ शकतं. पालकसभेत समोर बसलेली आई दमलीय की बेफिकीर आहे, यातला फरक मला आधी कळत नव्हता.

पाटीपेन्सिल

उंबरठा, परवानगीचं अगदी खरं. माझंही तेच होतं आणि मी ते लेखात टाळलं. लिहायला हवं होतं.

माळरान

मी शिक्षक नाही आणि मला मुलंही नाहीत. पण मी शिक्षिकेचा मुलगा आहे, म्हणून पलीकडच्या बाजूने लिहितो.

दोन वर्षं आई माझ्याच वर्गावर होती. वर्गात मी तिला "बाई" म्हणायचो. घरून निघताना आई, फाटकातून आत गेलं की बाई. कोणी पक्षपात म्हणू नये म्हणून ती मला कधी उत्तर विचारायची नाही. मी हात वर करायचो, ती माझ्यावरून नजर पुढे न्यायची. खोड्यांची शिक्षा मात्र मला सगळ्यांच्या आधी. घरी आल्यावर जेवताना म्हणायची, "तुला येत होतं ना? मला दिसलं." तिला वाटायचं यात सगळं आलं. मला ते वर्गात हवं होतं, सगळ्यांसमोर, एकदा तरी.

गेल्या वर्षी मी तिला हे सांगितलं. ती आता सत्तरीची आहे. पुष्कळ वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्या दोन वर्षांत मी रोज रात्री ठरवायचे, उद्या याला विचारायचं." मला हे माहीतच नव्हतं.

पाटीपेन्सिल, तुमच्या मुलाने रात्री तुम्हाला विचारलं हे फार चांगलं झालं. मी विचारलं नव्हतं.

चिमणखडू

माळरान, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. माझ्या वर्गात पुढच्या वर्षी माझा भाचा येणार आहे. तुमचा प्रतिसाद लक्षात ठेवीन.

उंबरठा आणि पाटीपेन्सिल, दोघींचंही पटतंय. सध्या रजा वाढवून मिळते का विचारतेय. बाकी ठरलं की सांगते.

जुना_फळा

निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. सगळं वाचलं. ३ आणि ६ वरून एक जुनी युक्ती सांगतो, कोणाच्या उपयोगी पडली तर पडली.

खोडू नये. गिरवूनही घेऊ नये. दोन्ही अंक शेजारी लिहावेत. आधी ३६. मग खाली ६३. आणि मुलाला विचारावं, हे दोघं काय करतायत? आपल्याकडे वितुष्टाला छत्तीसचा आकडा म्हणतात ते यावरूनच, पण मुलाला म्हण सांगायची घाई करू नये. त्याला बघू द्यावं. एकदा अंकाला तोंड आणि पाठ असते हे डोळ्यांना सापडलं की हात त्याच्या मागून येतो. हवेत मोठा अंक काढायला लावावा, पूर्ण हात खांद्यापासून फिरवून. बोटांना जे कळत नाही ते खांद्याला कळतं.

आणि बाई, तुम्ही त्या फाटलेल्या कागदाचं फार मनाला लावून घेतलंय. माझ्या हातून वर्गातही कागद फाटलेत. लोकांच्या मुलांचे. तेव्हा समजलं नाही, निवृत्तीनंतर एकेक आठवले. तुम्हाला तो मुलगा समोर असतानाच समजलं.

पाटीपेन्सिल

सर, तुमचा प्रतिसाद परवा वाचला आणि काल करून बघितलं. जुन्या पाटीवर ३६ लिहिलं, खाली ६३. विचारलं, "हे दोघं काय करतायत?"

तो बघत राहिला. मी मनात मोजत होते. तीन झाले, पाच झाले. धाकटी मध्येच येऊन पाटीवर हात ठेवून गेली, ३ चं शेपूट पुसलं गेलं, ते त्याने बोटाने ओढून नीट केलं. नीट म्हणजे बरोबर बाजूला. मी काही बोलले नाही. अकरापर्यंत मोजलं असेन.

मग वरच्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाला, "हे रुसलेत." खालच्यावर ठेवून, "हे गोष्ट सांगतायत."

आज सकाळी वहीत पुन्हा एक ६ उलटा आला. त्याने तो बघितला, "ए, हा फिरला," म्हणाला आणि शेजारी दुसरा काढला. पहिला खोडला नाही, तसाच राहू दिला. मीही राहू दिला.